पत्र्याच्या आतली धूळ कोण मोजणार?

आमच्या वस्तीला लागून एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झाला, तेव्हाची गोष्ट. पाडकाम सुरू झाल्यापासून घराघरांत धुळीचा थर बसू लागला होता. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागत होते. पिंपावर झाकण ठेवले तरी पाण्यावर पांढरी साय येत होती. दोन-तीन मुलांचा खोकला काही केल्या थांबत नव्हता. गटाच्या बैठकीत महापालिकेला निवेदन द्यायचे ठरले आणि आम्ही मुद्दे लिहायला बसलो. धूळ, रात्रीचा आवाज, तोडलेली झाडे, आटलेली बोअर, रस्त्यात टाकलेला राडारोडा. यादी चांगली लांबलचक झाली. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली एक मावशी बोलली. उमेदीची पंधरा वर्षे तिने बिगारी काम केले आहे. ती म्हणाली, "ताई, तुमच्या खिडकीत येती ती उरलेली धूळ. आधी ती आमच्या छातीत भरती, मग वाऱ्यावर जाती. ते कुठं लिवलंय का?"

ते कुठेच लिहिलेले नव्हते. बाईच्या श्रमांबद्दल वर्षानुवर्षे बोलणाऱ्या आम्ही दहा-बारा जणी. बांधकामामुळे परिसराचे काय नुकसान होते याची यादी केली आणि त्या धुळीत दिवसाचे नऊ-दहा तास उभी राहणारी बाई आमच्या यादीत नव्हती. निवेदन त्या दिवशी तसेच राहिले. पुढे या विषयावरचे कायदे आणि नियम वाचायला घेतले, तेव्हा लक्षात आले की ही चूक आमच्या एकट्या गटाची नाही. सरकारी हिशेबही असाच मांडलेला आहे.

बांधकामाची पर्यावरणीय किंमत मोजताना आपण कुंपणाच्या बाहेर उभे राहून मोजतो. कुंपणाच्या आत राबणारी, आणि बरेचदा तिथेच पत्र्याच्या खोलीत राहणारी बाई पर्यावरण खात्याच्या लेखी 'मजूर', म्हणून कामगार खात्याचा विषय. कामगार खात्याच्या लेखी हवा, पाणी, सरपण हे पर्यावरणाचे विषय. या दोन खात्यांच्या मधल्या फटीत ती पडते. आणि खंत वाटते ती याची की आपल्या चळवळीतही या दोन टेबलांवर वेगवेगळ्या बाया बसतात.

मोजमाप कशाचे होते?

मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते ती केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर राज्य पातळीवरच्या प्राधिकरणापुढे अर्ज जातो. त्यात पाणी किती लागेल, सांडपाणी कुठे जाईल, झाडे किती तुटतील, माती किती निघेल, वाहने किती वाढतील हे सगळे लिहावे लागते. हे मोजणे महत्त्वाचेच आहे. पण धरण किंवा मोठ्या खाणीसाठी जशी जनसुनावणी घ्यावी लागते, तशी इमारती आणि नगरवसाहतींसाठी घ्यावी लागत नाही. या प्रकल्पांना अधिसूचनेनेच त्यातून वगळले आहे. म्हणजे शेजारच्या वस्तीतल्या बाईलाही कोणी विचारत नाही. जी अजून गावाहून यायची आहे, जिचा मुकादमाने अजून आकडाही धरलेला नाही, तिला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. एखाद्या लहान सोसायटीचा पुनर्विकास तर या २० हजारांच्या मर्यादेखालीच राहतो. तिथे हा अर्जही नाही.

मुंबईची हवा बिघडली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्रे आणि ७० मीटरहून उंच इमारतीलाही ३५ फूट. इमारतीला हिरवे कापड किंवा ताडपत्री, पाडकामावर पाण्याचे फवारे, हवा मोजणारी यंत्रे. कामगारांना मास्क, चष्मा, हेल्मेट द्यावे असेही त्यात म्हटले आहे. नियम चांगले आहेत आणि ते पाळले गेले पाहिजेत, यात वाद नाही. पण ३५ फूट उंच पत्रा लावल्यावर रस्त्याची धूळ कमी होते तेव्हा आतल्या धुळीचे काय होते, हा साधा प्रश्न आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याचे नाक वाचवायला उभारलेल्या भिंतीच्या आतच कोणीतरी काम करत असते.

धूळ माणसाच्या श्वासात किती जाते हे मोजता येत नाही असे नाही. कामगाराच्या गळ्याशी छोटी नळी आणि कमरेला पंप लावून दिवसभरात आत जाणारी धूळ मोजायची पद्धत कारखान्यांच्या आरोग्य तपासणीत जुनी आहे. बांधकामावर घमेले उचलणाऱ्या बाईच्या गळ्याशी अशी नळी लावलेली आपल्यापैकी किती जणींनी पाहिली आहे?

पत्र्याच्या आत

साइटवर बाई काय काम करते ते पाहू. विटा, वाळू, खडी, कालवलेला माल वाहणे. वाळू चाळणे. सिमेंटच्या ५० किलोच्या गोण्या फोडून माल कालवायला देणे. फोडलेल्या भिंतीचा राडारोडा भरणे. संध्याकाळी प्रत्येक मजला झाडून काढणे. नवीन बांधकामाला पाणी मारणे. ही सगळी कामे 'बिनकौशल्याची' धरली जातात आणि म्हणून त्यांची मजुरी सगळ्यात कमी. वीस वर्षे साइटवर काढूनही बाई गवंडी होत नाही, मिस्त्री होत नाही, हे आपण नेहमी म्हणतो. त्याला आणखी एक बाजू आहे. सर्वांत जास्त धूळ उडते ती याच कामांत. कोरडा मजला खराट्याने झाडणे हे तर धुळीचे कामच. म्हणजे कामाच्या वाटणीतच धुळीचीही वाटणी होऊन जाते.

वाळू, दगड, काँक्रीट, ग्रॅनाइट, फरशी या सगळ्यांत सिलिका असते. कापताना, फोडताना, झाडताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात आणि फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच या धुळीला कर्करोगकारक ठरवले आहे. हा आजार बहुधा दहा-पंधरा वर्षांनी डोके वर काढतो. तोवर बाई पाच ठेकेदारांकडे, तीन शहरांत काम करून गावी परतलेली असते. दवाखान्यात तिला क्षयाची औषधे दिली जातात. कोणत्या साइटने तिला आजारी केले, हे सिद्ध कसे करायचे? फरशी कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली तर ही धूळ बरीच बसते. झाडण्याआधी पाणी शिंपडले तरी फरक पडतो. एवढी साधी गोष्ट. पण ती कोणाच्या यादीत नाही म्हणून होत नाही.

पाण्याचे उदाहरण जास्त अवघड आहे. नव्या काँक्रीटला सात ते दहा दिवस ओले ठेवावे लागते. हे पाणी मारण्याचे काम पुष्कळदा बाईकडे असते. बांधकामाला पिण्याचे पाणी वापरू नये, सांडपाण्यावर प्रक्रिया करून आलेले पाणी वापरावे, असा आग्रह आता महापालिका धरतात. पुण्यात तशी सक्ती आहे. पाणीटंचाईच्या शहरात हे धोरण योग्यच आहे. वस्तीतल्या बाया हंड्यासाठी रांगेत उभ्या असताना पिण्याचे पाणी भिंतींवर ओतणे हा अन्याय होता. पण ते टँकरचे पाणी साइटवर आल्यावर कोणत्या टाकीत जाते? प्यायचे वेगळे, कामाचे वेगळे, असे दोन नळ असतात का? त्या पाण्यात उघड्या हातापायांनी दिवसभर उभी राहणारी कोण? सिमेंटने हात खाल्ले जातात, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, रात्री भाकरी थापताना आग होते, हे कोणतीही बिगारी बाई सांगेल. ओले सिमेंट जहाल अल्कली असते आणि त्यातल्या क्रोमियममुळे कातडीची ॲलर्जी जडते. एका बाईला रबरी हातमोजे आणि गमबूट द्यायला किती खर्च येतो?

आता राहण्याच्या जागेकडे वळू. पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत चूल पेटते ती सेंट्रिंगच्या फळ्यांच्या तुकड्यांवर. त्या फळ्यांना तेल लावलेले असते, प्लायवूडमध्ये डिंक-रसायने असतात. त्याचा धूर खोलीतच कोंडतो. संडास लांब किंवा नाहीच, म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात. उन्हात काम, पाणी कमी, मग लघवीची जळजळ. बाळ साडीच्या झोळीत, सळयांच्या गठ्ठ्याशेजारी, त्याच धुळीत. हे पर्यावरण नाही तर काय आहे? जंगलातल्या बाईचे सरपण, पाणी आणि चूल हा पर्यावरणाचा प्रश्न आहे, हे आपण चिपको आंदोलनापासून शिकलो. तीच बाई गाव सोडून शहरात बिगारी झाली की तिचे सरपण आणि पाणी एकदम 'लेबर कॅम्पची गैरसोय' कसे होते?

वाळू, खडी, वीट

साइटवर माल येतो तो कुठून तरी उचललेला असतो. नदीची वाळू बेसुमार उपसली की नदीचे पात्र खाली जाते, काठच्या विहिरी आटतात आणि पाण्याची खेप लांबते. ती खेप कोण घालते हे वेगळे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरहून लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. नदीच्या वाळूवर बंधने आली, तशी दगड भरडून केलेल्या क्रश सँडची मागणी वाढली. नदीवरचा थोडा भार डोंगरावर गेला. पुण्याभोवती वाघोली, मोशीकडच्या खाणींत, खडीच्या क्रशरवर वडार समाजातल्या आणि इतर कष्टकरी बाया काम करत आल्या आहेत. तिथली धूळ साइटवरच्या धुळीची थोरली बहीण.

विटेचेही तसेच. रायगड, ठाणे, पालघरमधली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. विटेसाठी शेताची वरची कसदार माती जाते. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि हिशेब कुटुंबाच्या नावाने, म्हणजे पुरुषाच्या नावाने. बाईने चिखल तुडवला, विटा पाडल्या, वाहिल्या, ते त्याच आकड्यात विरघळते. मातीचे नुकसान आणि बाईची मजुरी, दोन्ही विटेच्या किमतीत धरलेली नाहीत. म्हणून वीट स्वस्त आहे.

हवेसाठी काम बंद, मग चूल कशावर?

हवा फार बिघडली की बांधकामे बंद ठेवण्याचा उपाय केला जातो. दिल्लीत तो दर हिवाळ्यातला झाला आहे. मुंबईतही ३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व या भागांतली सगळी बांधकामे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार केला तर या उपायाला विरोध करता येणार नाही. पण काम बंद म्हणजे हजेरी बंद. बिल्डरचा ताबा महिनाभर लांबतो. रोजंदारीवरच्या बाईची त्याच रात्री चूल अडते. ज्या प्रदूषणाचा सगळ्यात जास्त मारा तिने सोसला, त्याच्या उपायाचाही पहिला खर्च तिनेच भरायचा.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली परिसरातले काम बंद करताना, मजुरांना कल्याण निधीतून निर्वाह भत्ता द्या, असे राज्यांना सांगितले होते. हा निधी कुठून येतो? बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर घेतला जातो त्यातून. मजूर संघटनांच्या दीर्घ लढ्यानंतर १९९६ च्या कायद्याने तो मिळाला. पण भत्ता मिळतो तो मंडळात नोंद असेल तर. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभे राहून रोज नवा मालक शोधणारीला तो कोण देणार? नवरा-बायको दोघे एका साइटवर असले तरी दाखला नवऱ्याच्या नावाने निघतो. म्हणून पर्यावरणवादी मित्रांना सांगावेसे वाटते की, 'काम बंद करा' ही मागणी करताना त्याच कागदावर 'मजुरी चालू ठेवा' हेही लिहा. आणि कामगार संघटनांच्या मित्रांना सांगावेसे वाटते की, धूळ हा बंगलेवाल्यांचा प्रश्न आहे असे समजून तो बाजूला टाकू नका.

एक कागद आपल्या हातात आहे

वाचताना एक गोष्ट सापडली. ती सगळ्या गटांपर्यंत पोचावी असे वाटते. मोठ्या बांधकामांना दिल्या जाणाऱ्या पर्यावरण मंजुरीच्या पत्रात एक ठरावीक अट असते: मजुरांच्या राहण्याची सोय करावी, तिथे स्वयंपाकाचे इंधन, फिरते संडास, सुरक्षित पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि पाळणाघर असावे. वर्षानुवर्षे ही अट छापली जाते आणि वर्षानुवर्षे ती कोणी वाचत नाही.

पाळणाघराचेच पाहा. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यात ५० हून अधिक स्त्री-कामगार असतील तिथेच पाळणाघर सक्तीचे होते. मग ठेकेदार काय करी? चार पोटठेकेदार, चार मस्टर, कुठेच बायांचा आकडा पन्नासाच्या वर नाही. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने स्त्री-पुरुष मिळून ५० हून अधिक कामगार ही अट घातली, ही सुधारणाच आहे. पण पर्यावरण मंजुरीच्या त्या अटीत आकडाच नाही. एक मूल असले तरी अट लागू. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर तंबूत पहिले पाळणाघर काढून 'मोबाईल क्रेश' या संस्थेने दाखवून दिले की हे साइटवर करता येते. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही ते करायला लावावे लागते.

या मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल बिल्डरने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक कागद आहे, कोणालाही मागता येतो. बिल्डरच्या सल्लागाराने 'अटीची पूर्तता केली आहे' असे कचेरीत बसून लिहिलेले असते. साइटवरच्या बाईला कोणी विचारलेले नसते. अहवालातले ते वाक्य आणि साइटवरची झोळी शेजारी शेजारी ठेवणे, हे काम आपल्या गटांना जमण्यासारखे आहे.

आपल्या घराचा हिशेब

इथे कोणी म्हणेल, हे सगळे केले तर घरे महाग होतील, गरिबाला घर मिळणार नाही. शहरातल्या घराच्या किमतीत जमिनीचा आणि नफ्याचा वाटा केवढा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. हातमोजे, दोन नळ, गॅसची शेगडी आणि पाळणाघरातली एक ताई यांनी ती किंमत किती वाढेल? आणि स्वस्त म्हणजे तरी काय? खर्च होतोच. तो फक्त बाईच्या फुप्फुसात, गावच्या विहिरीत आणि शेताच्या मातीत जमा होतो, पावतीवर दिसत नाही.

आपणही यातून सुटलेल्या नाही. आपल्यातल्या अनेकींनी अशाच साइटवर उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट घेतले. नमुना फ्लॅट पाहायला जाताना आपण फरशीचा रंग विचारला, पाणी चोवीस तास आहे का विचारले. मीही तेच विचारले. खाली पत्र्याच्या खोल्यांत चूल कशावर पेटते, हे विचारायचे सुचले नाही. घर घेणारी बाई आणि घर बांधणारी बाई यांच्यात फक्त तो पत्रा उभा असतो.

काय करता येईल?

आपल्या भागात मोठे काम सुरू असेल तर मंजुरीचे पत्र आणि सहामाही अहवाल मागवावा. साइट त्या मर्यादेखालची असेल तर महापालिकेचे धुळीचे नियम आणि श्रमसंहिता यांचा आधार घ्यावा. धुळीची तक्रार लिहिताना पहिला मुद्दा आत काम करणाऱ्यांचा घालावा: ओले कापणे, ओले झाडणे, मास्क-हातमोजे, दोन नळ, संडास, इंधन. मात्र त्याआधी साइटवरच्या बायांशी बोलावे. आपल्या तक्रारीमुळे त्यांचेच काम जाऊ नये, याची काळजी त्यांना विचारूनच घेता येते. नाक्यावर जाऊन ९० दिवसांच्या दाखल्याची आणि बाईच्या स्वतःच्या नावाने नोंदणीची मोहीम घ्यावी. प्रदूषणामुळे काम बंद झाल्यास निर्वाह भत्ता, ही मागणी मुंबई-पुण्यातही आताच पुढे आणावी, पुढच्या हिवाळ्याची वाट पाहू नये. आणि इमारतींसाठीही सुनावणी हवी, तीत मजूर बायांना बोलावले पाहिजे, ही मागणी आपण पर्यावरण संघटनांबरोबर मिळून करायला हवी.

आमचे निवेदन आम्ही पुन्हा लिहिले. त्या मावशीने सांगितले आणि आम्ही उतरून घेतले. आत काम करणाऱ्या सात बायांशी दोन संध्याकाळी बोलल्यावर ते पूर्ण झाले. खिडक्यांतली धूळ आता त्यात पाचव्या क्रमांकावर आहे. तुमच्या भागातल्या साइटवर काय दिसते, बाया काय सांगतात, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.